ऐनाचा हर्रास

कागदावर लिलाव, साहेबांच्या तोंडी ऑक्शन. पण आमच्या लाकूड डेपोच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर कोणालाही विचारलं असतं, आज एवढी गर्दी कशाची, तर तो म्हणाला असता, "हर्रास आहे ना बा." हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. सागवानाची बोली संगणकावर गेली, आणि डेपोत उभं राहून पुकारा करायचा तो फक्त जळाऊ लाकडाचा आणि उरल्यासुरल्या मालाचा. मी एकवीस वर्षं तिथं कारकून होतो. मूळचा वरोऱ्याचा, कापसाच्या गावचा माणूस. ऐन आणि धावडा या लाकडांतला फरक कळायला मला दोन वर्षं लागली. तो फरक मला शिकवला सुकलूनं.

सुकलू हर्रासात बोली पुकारायचा. त्याच्या नावापुढं कागदावर "रोजंदारी मजूर" असंच होतं, कारण पुकारणारा असं पद सरकारात नाही. नाही म्हणायला त्याला दर दोन वर्षांनी एक खाकी शर्ट मिळायचा, तोही कोणा दुसऱ्याच्या मापाचा. येरमेटोला नावाच्या पंचवीस घरांच्या गोंडी गावातून तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ट्रक भरायला आला. एकदा ट्रकवरून ओंडका सुटला. खाली दोन हमाल बिडी ओढत बसलेले. सुकलू डेपोच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथून तो ओरडला. दोघंही उडी मारून बाजूला झाले आणि व्हरांड्यात बसलेल्या तेव्हाच्या साहेबांच्या हातातला चहा पँटवर सांडला. साहेबांनी पँट झटकत विचारलं, हा आवाज कोणाचा? त्या दिवसापासून बोली सुकलूकडे आली. आधीचा पुकारणारा दम्याचा होता, त्यानं बिचाऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला, जेवढा त्याला सोडता येत होता तेवढा.

हे मी ऐकलेलं. मी पाहिलं ते नंतरचं. हर्रासाच्या दिवशी सुकलू ओंडक्यावर उभा राहायचा, लाटचा, म्हणजे एकत्र विकायच्या ढिगाचा, नंबर सांगायचा, लाकडाची जात आणि माप सांगायचा, मग सरकारी बोली, म्हणजे जिथून सुरुवात करायची ती रक्कम. व्यापारी हात वर करत, तो बोली चढवत न्यायचा, आणि चढायची थांबली की एक वार, दोन वार, तीन वार. तीन म्हटलं की माझ्या शेजारी उभा असलेला माणूस ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का मारायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो. तीननंतर देव आला तरी बदल नाही, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. आता म्हणवत नाही.

त्याचा एकच नियम होता: दिसला हात तो बोलला. नानाजी शेठ नावाचे आमचे जुने व्यापारी, ढेरपोटे आणि दिलदार. त्यांनी एकदा कानाजवळची माशी हाकलायला हात उचलला आणि सुकलूनं बोली त्यांच्या नावावर टाकली. वाकड्यातिकड्या सालईची ती लाट शेठना घ्यावी लागली. त्यांनी शिव्या दिल्या, मग हसले, आणि पुढं हर्रासात माशा बसल्या तरी हात खिशातून काढला नाही. याची उलटी बाजूही होती. एका साहेबांनी भाव चढावा म्हणून सुकलूला सांगितलं, मधेच एखादी हवेतली बोली पुकार, कोणाला कळतं? सुकलू म्हणाला, "हात नाई दिसला साहेब. नाई दिसलेला कसा पुकारू?" त्याला दोन हर्रास घरी बसवलं. तिसऱ्याला परत बोलावलं, कारण दुसऱ्या कोणाचा आवाज फाटकापर्यंत पोचत नव्हता.

घरी मात्र हाच माणूस मुका. डेपोच्या मागं त्याची झोपडी होती, तिथं तो आणि त्याची बायको सोमारी. मूलबाळ झालं नाही. सोमारी हर्रासाच्या दिवशी त्याच्या घशासाठी आंबिलीचा लोटा घेऊन यायची आणि माझ्या खिडकीखाली बसायची. बोलकी बाई. मला म्हणायची, "बाबू, घरी याच्या तोंडातून एक शबद काढाले मलेच बोली लावा लागते. सरकारी बोली मी सांगतो, थो हूं म्हनते, झाला हर्रास." सुकलू ओंडक्यावरून हे ऐकायचा आणि दुसरीकडे बघायचा. मी त्या दोघांकडे बघून माझ्या घरातल्या भांडणांचा विचार करायचो, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

सोमारी एका श्रावणात चार दिवसांच्या तापानं गेली. नाल्याला पूर होता, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. पाणी उतरल्यावर तिला येरमेटोल्याला नेलं.

आता इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल, आणि मी बाहेरचा माणूस आहे, चुकलो तर चूक माझी. येरमेटोल्याच्या बाहेर नाल्याच्या वरच्या अंगाला एक जुना ऐन होता. त्यात त्यांचा पेन, म्हणजे देव. गावात कोणी गेलं की वर्षभरानं त्याला बोलावून त्या देवात मिसळवतात. मग तो माणूस भटकत नाही. त्याचं ठिकाण झालं. सोमारीला तिथं मिसळवलं तेव्हा सुकलूनं मला बोलावलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी कामावर आला तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसला आणि न विचारता म्हणाला, "पोचली."

त्यानंतर दर रविवारी तो तेरा किलोमीटर सायकल मारत जायचा आणि त्या ऐनाखाली बसायचा. एकदा मी विचारलं, काय करतोस तिथं? बोलतोस का तिच्याशी?

"मी कायले बोलू?" तो म्हणाला. "थेच बोलते."

तीन वर्षं असं चाललं. मग एका वैशाखात वावधान आलं आणि ऐन मुळासकट पडला, नेमका जंगलातल्या रस्त्यावर आडवा. गाव तेंदूपत्ता तोडायला दोन दिवस लांबच्या जंगलात गेलेलं, गावात चार म्हातारे आणि शेरडं. रस्ता मोकळा करायला माणसं गेली, त्यांनी मशीननं झाड कापलं, ट्रकमध्ये घातलं. रस्त्यावरचं झाड, सरकारी जंगल. त्यांनी नेमून दिलेलं काम केलं. गाव परत आलं तेव्हा जमिनीत खड्डा होता आणि भुसा.

ट्रक डेपोत आला तेव्हा सुकलू माप घ्यायला पुढं झाला. टेप लावता लावता थांबला. बुंध्यावर हळदीचे जुने डाग होते आणि वर्षानुवर्षं दोरे गुंडाळून पडलेला वळ. त्यानं टेप गुंडाळला आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे माप सांग. तो म्हणाला, "बाबू, हे आमचं होय."

मी उठून बघितलं. आणि तरीही मी परत येऊन रजिस्टरात लिहिलं: लाट नंबर एक्केचाळीस, ऐन, बुंधा तीन तुकडे, फांद्यांची एक बीट, म्हणजे रचलेला ढीग. माल आला की चढवायचा, ही हाताला लागलेली सवय. त्या दिवशी बॉलपेन खिशात ठेवला असता, दोन दिवस कळ काढली असती, तर कदाचित वेगळं झालं असतं. रजिस्टरावर चढलेलं लाकूड उतरवायला माझ्याहून फार मोठा माणूस लागतो.

संध्याकाळी सुकलूनं मला पूर्ण सांगितलं. देवाचं झाड पडलं तर ते पडल्या जागी राहायला पाहिजे. त्याला उधळी, म्हणजे वाळवी, लागेल, सात-आठ पावसाळ्यांत त्याची माती होईल. माती झाली की देव दुसरं झाड दाखवतो आणि सगळे तिकडं जातात. मधे कोणी हलवायचं नाही. जाळायचं तर नाहीच.

"हे कोनाच्या चुलीत गेलं तं?" त्यानं विचारलं. सोमारीचं नाव त्यानं घेतलं नाही, पण मला कळलं, तो लाकडाबद्दल विचारत नव्हता.

मी साहेबांकडे गेलो. साहेब नवे होते, तरुण, वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, सरकारी माल मी असा देऊ शकत नाही, पण जळाऊची लाट आहे, सरकारी बोली चार हजार दोनशे. गावानं येऊन बोली लावावी, पहिल्याच हाताला मी मंजूर करतो, वाहतुकीचा पासही लगेच देतो. बाकी व्यापाऱ्यांचं तुम्ही बघा. मी नानाजी शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, "देवाचं लाकूड नेऊन मले का नरकात जाचं आहे का? आमच्यातला कोनी हात नाई लावनार, बाबू." आणि त्यांनी खरोखर बाकीच्या चौघांनाही फोन करून सांगितलं.

सुकलू येरमेटोल्याला गेला. तिथला पुजारी, ज्याला ते गायता म्हणतात, तो सुकलूचा चुलत मोठा भाऊ बिरजू. सुकलूनं त्याला सगळं समजावलं. दादा, मी सरकारी बोली सांगीन, तू फक्त हात वर कर, बाकी मी पाह्यतो. तेंदूपत्त्याच्या मजुरीतून गावाकडे पैसे होते, तीही अडचण नव्हती. बिरजूनं ऐकलं आणि एवढंच विचारलं, लाकूड तिथं जमिनीवर आहे की कशावर ठेवलंय? सुकलूनं सांगितलं, जमिनीवर. बिरजूनं मान हलवली. सुकलू खूश होऊन आला. मला म्हणाला, झालं काम.

काम झालं नव्हतं. तीस वर्षं डेपोत राहून त्याला प्रत्येक लाकडाची बोली असते याची सवय झाली होती. तो त्याच गावचा, त्याच झाडाचा, तरी एक गोष्ट विसरला. बिरजू विसरला नव्हता, आणि ही गोष्ट सुकलूला सांगावी लागेल असं त्याला वाटलंच नाही.

हर्रासाच्या दिवशी येरमेटोल्याहून बावीस माणसं आली. बाया, म्हातारे, सगळे चालत. ती ऐनाच्या तुकड्यांभोवती बसली. कोणी रडलं नाही, कोणी हात जोडले नाहीत, नुसती बसली. बिरजू धुतलेलं धोतर नेसून आला होता. साहेबांनी सांगितलं, एक्केचाळीस आधी घ्या, लोकांना उन्हाचं परत जायचंय.

फाटकाशी एक रिकामा ट्रक उभा होता आणि त्याला टेकून अर्ध्या चड्डीतला एक जवान पोरगा मोबाईल बघत होता. मी त्याला ड्रायव्हर समजून ट्रक बाजूला लावायला सांगितलं. त्यानं मुकाट्यानं लावला. त्याचं नाव अजय, तो वरोऱ्याकडचा वीटभट्टीवाला होता, आणि पेपरातली जाहिरात वाचून पहिल्यांदाच आमच्याकडे आला होता. हे मला तासाभरानं कळलं. माझ्याच गावाकडचा माणूस, बोलीवरून ओळखायला हवा होता. मी तर त्याच्याशी नीट बोललोही नाही.

सुकलू शेजारच्या सागाच्या ओंडक्यावर चढला. ऐनावर पाय ठेवला नाही. पुकारलं: "लाट नंबर एक्केचाळीस. ऐन. बुंधा तीन तुकडे, फाट्याईची बीट एक. सरकारी बोली चार हजार दोनशे."

किंमत ऐकली आणि बिरजूनं डोळे मिटले.

सुकलू त्याच्याकडे बघत राहिला. नानाजी शेठ आणि त्यांची माणसं खिशात हात घालून जमिनीकडे बघत होती. कोणाचाच हात वर झाला नाही. सुकलूनं पुन्हा पुकारलं, सरकारी बोली चार हजार दोनशे. बिरजूचे दोन्ही हात काखेत होते. मग सुकलू गोंडीत काहीतरी बोलला, हळू आवाजात. हर्रासात मी त्याला हळू बोलताना तेव्हाच पाहिलं. बिरजूनं डोळे उघडले नाहीत. बाकी एकवीस जणांपैकीही कोणी हललं नाही.

आणि मागून, ट्रकजवळून, अजयनं बोट वर केलं.

तो हात गर्दीतल्या कोणाला दिसला नाही. सगळे पुढं बघत होते. साहेब कागद चाळत होते. ओंडक्यावर उभ्या असलेल्या सुकलूला दिसला, आणि मला दिसला. सुकलूनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यानं माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते त्या क्षणी. मी नुसती मान हलवली असती, "नाही दिसला" अशी, तर त्यानं ऐकलं असतं का, मला माहीत नाही. पण मी मान हलवली नाही. मी रजिस्टरात बघितलं.

"चार हजार दोनशे," सुकलू म्हणाला. "एक वार."

तो थांबला. खिडकीखाली आंबिलीचा लोटा नव्हता, त्यानं खिशातली बाटली काढून पाणी प्यायलं. बिरजूकडे बघितलं. "दोन वार." पुन्हा पाणी प्यायला, बाटली रिकामी होती तरी. साहेबांनी मान वर केली. एवढा वेळ त्यानं कधीच लावला नव्हता. नानाजी शेठ वळून बघायला लागले, कोणाचा हात आहे. त्यांना काय करावं सुचेना. बोली चढवली असती तर शब्द मोडला असता, आणि न चढवून काय होणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी खिशातून हात अर्धा काढला आणि परत घातला.

"तीन वार," सुकलू म्हणाला, नेहमीच्याच आवाजात. फाटकाबाहेरच्या शाळेपर्यंत ऐकू गेला असेल.

शिक्का पडला. मग सगळे एकदम बोलायला लागले. मी धावत अजयकडे गेलो, त्याला सांगितलं. आणि खरं सांगतो, त्या पोराला मी मनात कितीही शिव्या दिल्या तरी तो वाईट नव्हता. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "मले का मालूम, काका. देऊन टाकतो ना. मले जेवढ्याले पडलं तेवढ्याले घेऊन जा म्हना. नाईतं कमी द्या." मी त्याला हाताला धरून बिरजूसमोर उभं केलं. सुकलूही खाली उतरून आला होता. मला वाटलं, सुटलो.

बिरजूनं अजयचं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "आता कायले?"

मी म्हटलं, भाऊ, अहो तो परत देतोय.

"थ्याचा भाव निंगला," बिरजू म्हणाला. "इकत घेतला थो देव कसा होईन? आज आम्ही घेऊ, उद्या कोनी आमच्यापासून घेईन. कोनीच हात नसता केला तं थे लाकूड पडून राह्यलं असतं. इथीच उधळी लागली असती. इथीच माती झाली असती. आम्ही थेच ठरवून आल्तो."

म्हणून त्यानं विचारलं होतं, लाकूड जमिनीवर आहे का.

मी त्याला सांगू शकलो असतो की न विकलेलं लाकूड पडून राहत नाही, पुढच्या हर्रासात कमी बोलीनं पुन्हा येतं, आणि त्याच्या पुढच्याही. त्याच्या गावात कोणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. सुकलूला माहीत होतं, आणि गावाला काय वाटेल हे सुकलूला माहीत असायला हवं होतं. दोन भाऊ, दोघंही खरे, आणि दोघांनी एकमेकांना सांगायची ती गोष्ट सांगितली नाही. सुकलू म्हणाला, "दादा, मले सांगतलं काऊन नाई?" बिरजू त्याला रागानं बोलला नाही, तेच वाईट. म्हणाला, "तुले का सांगाचं? तू तं आमच्यातलाच." आणि मग, "भाव तुह्या तोंडातून निंगला, सुकलू."

बावीस माणसं आली तशी चालत गेली. अजयनं लाकूड ट्रकमध्ये भरलं. भरताना मला म्हणाला, मी तरी आता काय करू, काका? मी वाहतुकीचा पास लिहून त्याच्या हातात दिला.

मला वाटलं होतं, सुकलूचा आवाज आता जाईल. गोष्टीत तसं होतं. पण गेला नाही. पुढच्या हर्रासात तो उभा राहिला आणि आवाज जसाच्या तसा फाटकापर्यंत गेला. मलाच ऐकवेना. रविवारी सायकल झोपडीला टेकलेली दिसायची. दोन महिन्यांनी तो रजा टाकून वरोऱ्याला गेला, भट्टी शोधत. अजयनं त्याला चहा पाजला. लाकूड कधीच जळलं होतं. सुकलूनं विचारलं, कोणत्या विटांना? अजय म्हणाला, भाऊ, विटा कुठं कुठं गेल्या आता, कसं सांगू. सुकलूनं भट्टीभोवती एक चक्कर मारली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. हे मला अजयनंच फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाला, "काका, मी थे लाट घ्यालेच नाई पाह्यजे होती."

दीड वर्षानं, फाल्गुनात, बिरजूचा निरोप आला. गावानं दुसरा ऐन पाहिला होता. पहिल्याची माती व्हायची वाट बघण्यात अर्थ उरला नव्हता. सगळ्या घरांनी आपापली मेलेली माणसं बोलवायची होती. सुकलूलाही ये म्हणून सांगितलं. मी त्याला मोटरसायकलवर घेऊन गेलो.

नवा ऐन कोवळाच होता, मांडीएवढा जाड. त्याच्याखाली एकेक घर बसत होतं. पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात पाणी, पाण्यावर तांदळाचे दोन दाणे अलगद सोडायचे, दोन टोकांना. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलवायचं. दाणे पाण्यावर सरकत एकमेकांना चिकटले की माणूस आला. मग ढोल वाजतो. वाऱ्याची झुळूक, द्रोणाचा उतार, काही म्हणा. मी सकाळपासून बघत होतो आणि प्रत्येक घराचे दाणे कधी पटकन, कधी वेळ लावून, पण चिकटत होते. एका म्हातारीची तीन मुलं गेलेली, तिन्ही आली. ती हसली.

सुकलूचं घर शेवटी. त्यानं दाणे सोडले आणि हाक मारली. मी इतकी वर्षं त्याचा आवाज ऐकला होता, पण तिचं नाव त्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. नाल्यापलीकडची जनावरं मान वर करून बघायला लागली.

दाणे दोन कडांना राहिले.

त्यानं नवं पाणी घेतलं, नवे दाणे घेतले. पुन्हा हाक. एक दाणा बुडाला. पुन्हा. ऊन डोक्यावर आलं. शेवटचा माणूस आल्याशिवाय गावाचं जेवण होत नाही. भात शिजून झाकून ठेवला होता, पोरं झोपी गेली. कोणी घाई कर म्हणालं नाही. मी मोजणं सोडून दिलं. सुकलू दर वेळी द्रोणावर वाकायचा आणि श्वास धरून बसायचा, म्हणजे त्याच्या फुंकरीनं दाणा हलू नये.

बिरजू त्याच्यासमोर बसला होता. किती वेळानं कोण जाणे, त्यानं द्रोण सरळ करतो असं दाखवून करंगळीचं टोक पाण्याला लावलं. दाणे सरकले आणि चिकटले.

"आली," बिरजू म्हणाला. ढोल वाजला. बाया उठायला लागल्या. मला ती करंगळी दिसली होती, आणि मी देवाची शपथ घेऊन सांगतो, मला आनंद झाला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं, जन्मभर.

सुकलू द्रोणाकडे बघत होता. मग त्यानं ढोलवाल्याला हातानं थांबवलं.

"हात लागला, दादा," तो म्हणाला.

बिरजू म्हणाला, "कोनं नाई पाह्यला, सुकलू."

"मले दिसला."

बिरजूनं त्याचा हात धरला. चिकटलेले दाणे तसेच होते. बिरजूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो म्हणत होता, राहू दे, राहू दे, आली समज. सुकलूनं हात सोडवून घेतला, द्रोण उचलला आणि पाणी हळूच जमिनीवर ओतून दिलं.

"लोकाईले जेवू दे," तो म्हणाला. "भात थंडा होऊन राह्यला."

लोक जेवायला बसले. त्यानं रिकाम्या द्रोणात पुन्हा पाणी घेतलं.